चूल सासरी, पलंग माहेरी

डॉर्कस पॉबजॉय रोज सकाळी माहेरी उठायची आणि सासरी जाऊन चहा टाकायची. मधे अकरा पावलं. बारावं टाकलं तर मांजरावर पडायचं.

आमचं हेझलकम आणि पलीकडचं प्रायर्टन यांच्यामधली शीव टेकडीवरून उतरते, ओढा ओलांडते, आणि मग शहाण्या शिवेसारखी कुंपणाकडेनं न जाता सरळ पॉबजॉयांच्या घरात घुसते. घर आधी की शीव आधी, यावर 'नांगर' पबमध्ये तीन पिढ्या वाद चाललाय, आणि तो कधी मिटू नये अशी पबवाल्याची मनापासून इच्छा आहे. स्वयंपाकघर आमच्यात, झोपायची खोली प्रायर्टनात. डॉर्कसचा जन्म प्रायर्टनचा. म्हणजे लग्न करून ती सासरी आली ती फक्त चुलीपुरती. झोपायला परत माहेरी.

मी या भागात एकेचाळीस वर्षं टपाल वाटलं, म्हणून मला हे सगळं ठाऊक. लोक विचारतात, सिरिल, तू लोकांची पत्रं वाचायचास का रे? छे छे. पोस्टकार्डं वाचायचो. ती उघडीच असतात.

डॉर्कसचा नवरा रूबेन कुंपणं विणायचा. हेझलच्या ओल्या फांद्या अशा वाकवायचा की मोडायच्या नाहीत. बायको मात्र त्याला कधी वाकवता आली नाही. दोघं बोलायची कमी आणि भांडायची जास्त, आणि फार रागावली की कुत्र्यामार्फत बोलायची. मी पत्र घेऊन दारात उभा, आणि आत चाललंय:

"टिंकर, तुझ्या मालकाला सांग, बूट बाहेर काढ म्हणावं."

"टिंकर, मालकिणीला सांग, बूट बाहेरच आहेत. हे माझे पाय आहेत."

कुत्रं बिचारं टेनिसचा सामना बघावा तसं मान हलवत बसायचं.

त्यांचं खरं भांडण एकच होतं आणि ते एकोणपन्नास वर्षं पुरलं. पलंगाचं. तो पलंग रूबेनच्या आजोबांनी त्याच खोलीत बसून ओकच्या फळ्यांचा बनवला होता. जमीन उतरती, म्हणून त्याचे पाय खाली तुळयांना खिळवून टाकलेले. त्यामुळे पलंग हलवायचा तर आधी घर हलवावं लागलं असतं. डॉर्कस झोपायची भिंतीकडे, रूबेन दाराकडे. आणि रूबेन म्हणायचा, दाराकडच्या बाजूला मानेवर वारा लागतो. उशाशी एक चिंचोळी खिडकी होती, तिथून येतो म्हणायचा. डॉर्कस म्हणायची, खिडकी बंद आहे, खिडकीत मुरंब्याच्या बरण्या आहेत, वारा काय बरणीतून येतो?

"एक रात्र बाजू बदलून बघ," तो म्हणायचा.

"लग्नात पाद्रीबुवांनी हे विचारलं नव्हतं," ती म्हणायची.

रूबेन गेला तो त्र्याहत्तर साली, ऐन कुंपणांच्या हंगामात. आम्ही त्याला चर्चच्या आवारात, यूच्या झाडाखाली ठेवला. तिथे चार फुटांवर खडक लागतो, त्यामुळे एकावर एक दोघं मावत नाहीत. डॉर्कसनं शेजारच्या रिकाम्या जागेवर प्रिमरोजची रोपं लावली. घोंगडी टाकून बाकावर जागा धरावी, तशी. दर रविवारी प्रार्थना झाली की ती तिथे उभी राहून त्याला आठवड्याचा हिशोब सांगायची, आणि शेवटी बोट नाचवून काहीतरी दटावायची. माझी बायको ऑलिव्ह म्हणायची, "मेल्यावर तरी सोड त्याला!" तर डॉर्कस म्हणाली, "ऑलिव्ह, आमचं एक भांडण अर्धवट राहिलंय. तो मधेच उठून गेला. शेजारी गेल्याशिवाय ते पुरं कसं होणार?"

हे ती हसून म्हणाली. पण मी डोळे पाहिले होते.

आता मिस पेनफोल्डबद्दल सांगतो. ती चर्चची कारभारीण. त्याआधी तीस वर्षं शाळेची बाई. अर्ध्या गावाला तिनं पाढे शिकवले आणि उरलेल्या अर्ध्याला कोपऱ्यात उभं केलं. मी दोन्हींत होतो. खोटं बोलणं तिला जमत नाही आणि दुसऱ्यानं बोललेलं चालत नाही. अशा बाईसमोर गप्पा मारणं म्हणजे ओल्या काडीनं शेकोटी पेटवणं.

सत्त्याहत्तरच्या फेब्रुवारीत चर्च समितीनं मोजलं, तर आवारात नऊच जागा उरल्या होत्या. बाहेरून येऊन टेकडीवर बंगले बांधलेले लोकही आता तिथेच पडायचं म्हणू लागले होते. तेव्हा ठराव झाला: इथून पुढे फक्त हेझलकमच्या रहिवाशांना जागा. आणि रहिवासी कोण? मिस पेनफोल्डनं जुनं दप्तर उघडून दाखवलं. माणूस जिथे झोपतो तिथला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. त्या मान डोलावण्याची मला अजून लाज वाटते. पलंग कुणालाच आठवला नाही.

आठवला तो मिस पेनफोल्डला, घरी गेल्यावर. आणि ती अशी बाई, की दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः चालत डॉर्कसकडे गेली. मी तिथेच होतो. केक होता.

"डॉर्कस, मला वाईट वाटतंय," ती उभ्यानंच म्हणाली. "पण तू प्रायर्टनात झोपतेस."

"सगळ्या गावाला ठाऊक आहे मी कुठे झोपते," डॉर्कस म्हणाली. "काहींना तर माझ्याहून जास्त ठाऊक आहे." आणि माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे ठरावाप्रमाणे... तुला प्रायर्टनच्या आवारात..."

किटली शिट्टी मारायला लागली. डॉर्कसनं ती उतरवली नाही. बराच वेळ नाही. शेवटी मीच उठलो.

"पण रूबेन इकडे आहे," ती म्हणाली.

"रूबेनच्या वेळी ठराव नव्हता."

"तोही त्याच पलंगावर झोपायचा!"

"तुझ्यासाठी मी ठराव मोडला," मिस पेनफोल्ड म्हणाली, "तर उद्या बंगलेवाल्यांना कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. कशी झाली ते विचारू नका. संध्याकाळी प्रायर्टनचा एनॉक स्टर्मी हातात रुबार्बच्या आंबट दांड्यांची जुडी घेऊन डॉर्कसच्या दारात. हा त्यांच्या चर्चचा कारभारी, मळेवाला, विधुर. डॉर्कसच्या लग्नाआधी तो तिच्या खिडकीखाली अकॉर्डियन वाजवायचा. वाईट वाजवायचा, नाहीतर गोष्ट वेगळी झाली असती. रूबेन गेल्यापासून दर वसंतात रुबार्ब आणतो आणि दर वसंतात, सहज म्हणून, लग्नाचं विचारतो.

"डॉर्कस, वाईट वाटून घेऊ नकोस. आमच्याकडे ये. नदीकाठची जागा काढून ठेवतो. बदकं दिसतात."

"एनॉक, जन्मभर सांधे धरलेत माझे. आता मेल्यावरही ओलीत निजू?"

"बरं, मग वरची. माझ्या शेजारची."

"तू घोरतोस. प्रार्थनेत ऐकलंय मी."

तिनं रुबार्ब मात्र ठेवून घेतलं.

गावानं आपापली अक्कल चालवली. कुणी म्हणालं, स्वयंपाकघरात खाट टाक. डॉर्कस म्हणाली, "चौऱ्याहत्तराव्या वर्षी चुलीपाशी निजायला मी मांजर आहे का? आणि रूबेनच्या पलंगावर मग कोण निजणार, शीव?" कुणी म्हणालं, नुसतं सांग की तू खाटेवर झोपतेस. पण मिस पेनफोल्डशी खोटं बोलणार कोण? नवे पाद्रीबुवा टिंडल बिचारे तीनदा येऊन गेले. फारच हडकुळे आणि फारच प्रेमळ. दर वेळी तीच त्यांना समजावून, दोन तुकडे केक खाऊ घालून परत पाठवायची.

मला वाटलं, बाई टणक आहे, निभावेल. मग एप्रिलमधल्या एका मंगळवारी मी चर्चच्या आवारातून जवळच्या वाटेनं चाललो होतो. टपालवाल्याला सगळ्या वाटा जवळच्याच. बघतो तर डॉर्कस यूखाली गुडघ्यांवर बसलेली. हातात खुरपं. रिकाम्या जागेवरची प्रिमरोज एकेक उपटून टोपलीत ठेवत होती. मुळांची माती झटकून, नीट.

"अगं, हे काय करतेस?"

"दुसऱ्या कुणाची जागा आहे ही. मी कशाला अडवू?" ती वर न बघता म्हणाली. "सिरिल, मला हात दे. गुडघा धरलाय."

मी हात दिला. तिचं वजन काहीच नव्हतं. तिनं त्या दिवशी रूबेनला दटावलं नाही. नुसती टोपली उचलून गेली.

घरी आल्यावर ऑलिव्हनं मटण भरलेली पाई वाढली आणि मी खाल्ली नाही. अशी गोष्ट आमच्या घरी युद्ध जाहीर झालं तेव्हाही घडली नव्हती. ऑलिव्ह म्हणाली, "एवढी वर्षं जगाच्या भानगडी गोळा करत हिंडलास. त्यातली एक कधी कुणाच्या उपयोगी पडेल की नाही?"

टोमणाच होता. पण तो लागला आणि मला आजी आठवली.

माझी आजी पॉबजॉयांच्या घरी लोणी द्यायला जायची. तिची एक आवडती गोष्ट होती, आणि ती सांगताना तिला इतकं हसू यायचं की शेवट आम्हाला कधीच ऐकायला मिळाला नाही. दर सात वर्षांनी, ईस्टरनंतरच्या चाळिसाव्या दिवशी, अख्खं गाव शीव फिरतं. हातात विलोच्या काठ्या, शिवेच्या दगडादगडावर फटके मारायचे, आणि जो पहिल्यांदा आलाय त्याला उचलून दगडावर बूड आपटायचं, म्हणजे जागा जन्मभर लक्षात राहते. प्रायर्टनवाले पलीकडून चालतात, आम्ही लबाडी करत नाही ना ते बघायला. पॉबजॉयांच्या घराशी आलं की सगळे खिडकीतून आत शिरतात, केक खातात, पलीकडच्या खिडकीतून बाहेर पडतात. शीव घरातून जाते, मग माणसानंही घरातूनच जायला नको?

आजीच्या गोष्टीत पाद्री बॅगशॉ खिडकीत अडकले होते. पोटापाशी. आजीच्या घागरीतलं सगळं लोणी त्यांना लावावं लागलं, तेव्हा कुठे निसटले, आणि तेही मागे. आता तुम्हीच सांगा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आम्ही दर वेळी जातो. तिथून गाय जाईल. मग बॅगशॉ अडकले कुठे?

मी तसाच मिस पेनफोल्डकडे गेलो. ती मोजे विणत होती. गोष्ट ऐकली, पण एकही टाका चुकला नाही.

"सिरिल, या नुसत्या गप्पा आहेत."

"माझ्या आजीनं लोणी लावलंय!"

"लेखी काय आहे?"

लोणी कोण लिहून ठेवतं? मी मान खाली घालून परत आलो, पन्नास वर्षांपूर्वी शाळेतून यायचो तसाच. पण तिसऱ्या दिवशी ती आमच्या दारात. काखेत जाडजूड चामडी वही, केसाला कोळिष्टक. चर्चच्या माळ्यावर दोन दिवस बसली होती बाई.

"अठराशे त्र्याण्णव," ती म्हणाली, आणि बॅगशॉंच्या हस्ताक्षरातली ओळ वाचून दाखवली. "'या वर्षी झोपण्याच्या खोलीची खिडकी फार अरुंद झाली असल्याने मंडळी स्वयंपाकघरातून गेली. पुढील खेपेस पूर्ववत जावे.'"

खिडकी अरुंद झाली! ऑलिव्ह खुर्चीतच बसली.

पुढच्या खेपेलाही बॅगशॉच होते, आणि खिडकी आणखी अरुंद झाली असणार. त्यानंतरच्या खेपेला कुणी विचारलंच नाही. पुढचा मागच्याच्या मागे गेला. एका माणसाच्या पोटाला वळसा घालून आमच्या गावाची शीव चौऱ्याऐंशी वर्षं आठ फूट सरकून चालत होती.

"या वर्षी शीव फिरायची आहेच, पूर्ववत जाऊ," मिस पेनफोल्ड म्हणाली. "पण सिरिल, डॉर्कसला आशा लावू नकोस. आठ फूट म्हणजे खोलीच्या मधोमध. पलंग कुठल्या बाजूला पडेल ते दोरी लावल्याशिवाय कळायचं नाही. आणि दोरी जिथे पडेल तिथे मी पडू देईन."

शीव फिरायचा तो गुरुवार उजाडला. वीसेक आमचे, पंधरा त्यांचे. वाटेत टिंडलना पहिल्या दगडावर आपटून घेतलं. हाडांचा आवाज आला. घराशी पोचलो तर डॉर्कसनं चिंचोळ्या खिडकीतल्या बरण्या काढून ठेवलेल्या, काळा पोशाख घातलेला, चेहऱ्यावर रंग नाही. मिस पेनफोल्डनं खिडकीच्या दगडावरचा चुना चाकूनं खरवडला. सहा-सात थर. खाली शिवेची खूण म्हणून कोरलेला क्रूस निघाला, बोटभर. समोरच्या भिंतीतल्या खिडकीच्या दगडावरही तसाच. एनॉकनं चष्मा लावून दोन्ही तपासले.

मग आत जायचं. खिडकीच्या आत लगेच पलंग.

"बूट काढून!" डॉर्कस आतून ओरडली. "चादर धुतलेली आहे!"

तर पस्तीस माणसं गवतात बसून बूट काढतायत. कुणाच्या मोज्याला भोक, कुणाच्या पायाला मोजाच नाही. टिंडल बाण सुटावा तसे आत गेले. मिस पेनफोल्डनं स्कर्ट आवळला, माझ्या खांद्यावर पाय दिला (मोज्याची वीण सुरेख होती, एवढंच म्हणतो) आणि गेली. मी गेलो तो डोकं आधी, उशीवर आपटलो. पाठीमागून एनॉक माझ्यावर.

"पन्नास वर्षं उशीर झाला, एनॉक," मी म्हणालो. "आणि तेही चुकीच्या माणसावर पडलास."

"ऊठ रे थेरड्या!"

हसणं थांबलं ते मिस पेनफोल्डनं पिशवीतून लाल लोकरीचा गुंडा काढला तेव्हा. एक टोक तिनं या क्रुसावर धरलं, दुसरं टिंडलनी त्या क्रुसावर. लोकर ताणली. पलंगाच्या उशाकडून पायथ्याकडे, बरोब्बर दोन उश्यांच्या मधून ती लाल रेघ गेली.

भिंतीकडची उशी, डॉर्कसची, प्रायर्टनात. दाराकडची, रूबेनची, आमच्यात.

रूबेनच्या उशीवर त्याची रात्रीची लोकरी टोपी होती. घडी घालून. चार वर्षं.

"म्हणजे तो खरंच इथला होता," डॉर्कस हळू म्हणाली. "आणि मी नाही."

तोंड उघडायचा अधिकार आता एकाच माणसाला होता. शीव आठ फूट मागे हटली ती प्रायर्टनची. एनॉकनं हरकत घेतली असती तर प्रकरण बिशपपर्यंत गेलं असतं, आणि बिशप लोकांना चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईची घाई कळत नाही. एनॉकनं खिशातून मोजपट्टी काढली. त्या टोपीकडे बघितलं. मोजपट्टी परत खिशात टाकली.

"रेघ बरोबर आहे," तो म्हणाला. "प्रायर्टनला मान्य आहे. डॉर्कस, तू आता आपली... सरक जरा पलीकडे."

"काय?"

"अगं, दीड फूट सरक! त्याच्या जागेवर नीज. झालीस हेझलकमची."

डॉर्कसनं मिस पेनफोल्डकडे बघितलं. मिस पेनफोल्डनं वही उघडली, चष्म्यातून ठराव पुन्हा वाचला, सावकाश, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत.

"पलंग कोणाचा, असं यात नाही," ती म्हणाली. "कुठे झोपतो, एवढंच आहे." मग तिनं नाक शिंकरलं, फारच जोरात. "पण खोटं चालणार नाही हं, डॉर्कस. झोपावं लागेल."

"पन्नास वर्षांत त्याला ती बाजू बदलून दिली नाही मी," डॉर्कस म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे. तिनं टोपी उचलली, जरा वेळ हातात धरली, आणि भिंतीकडच्या, आपल्या उशीवर ठेवली. "आता तू जा माहेरी," ती टोपीला म्हणाली.

मग केक खाल्ला. एनॉकनं चार तुकडे खाल्ले, तेवढा हक्क त्याचा होता. बाहेर पडताना त्याला विचारलं, की तुझी तर तिला तिकडे न्यायची इच्छा होती. तो म्हणाला, "सिरिल, मी टोपीशी कसा भांडणार?"

रविवारी यूखाली प्रिमरोज परत लागली होती. जरा कोमेजलेली, पण लागली होती. डॉर्कस समोर उभी. मानेभोवती मफलर, मान एका बाजूला वाकडी. मी जवळ गेलो, अर्थातच ऐकायला.

"सिरिल, त्या खिडकीला दाराकडच्या अंगाला फट आहे," ती म्हणाली. "बोट जाईल एवढी. भिंतीकडे काही लागत नाही. दाराकडे थेट मानेवर येतो. बर्फासारखा."

"म्हणजे रूबेन खरं सांगत होता?"

तिनं थडग्याकडे एक नजर टाकली आणि माझा दंड धरून मला चार पावलं लांब नेलं.

"हळू बोल," ती कुजबुजली. "एकोणपन्नास वर्षं. आता तिथे गेल्यावर पहिल्यांदा हेच कबूल करावं लागणार. मला मुळीच घाई नाहीये."

आणि खरंच, तिनं केली नाही. त्यानंतर ती अकरा वर्षं जगली, मफलर बांधून, त्याच बाजूला झोपून. मी तिला म्हटलं होतं, फट बुजवून देतो, दोन मिनिटांचं काम आहे. तर म्हणाली, "राहू दे. त्यानं सोसला. मलाही जरा लागू दे."